कुळाच्या जमिनीची बिनशेती

रत्नागिरी शहराच्या अवतीभवती, नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, खेडशी या बाजूंस, जेथे पूर्वी पावसाळ्यात भाताची खाचरे आणि एरवी उघडा कातळ दिसे, तेथे आज घरे, दुकाने आणि कारखाने उभे आहेत. गणपतीपुळ्याच्या किंवा गुहागरच्या रस्त्याने गेले तर माडाच्या आगरांतून पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्यांच्या पाट्या दिसतात. ही सारी जमीन कधी ना कधी शेतीची होती. तीपैकी पुष्कळशी एकाच्या नावावर आणि दुसऱ्याच्या हाताखाली होती. म्हणून जमिनीची गोष्ट निघाली की या गावात दोन प्रश्न हटकून कानी येतात. एक विचारतो, "जमीन आमची आहे, पण तिला कूळ आहे, तेथे घर बांधता येईल काय?" दुसरा विचारतो, "आम्ही तीन पिढ्या ती जमीन करतो, मालक मुंबईस असतो. रस्त्याच्या कडेला चार खोल्या काढल्या तर बिघडले कुठे?"

या प्रश्नांना चावडीवर आणि चहाच्या दुकानात दोन तयार उत्तरे मिळतात. "सातबारावर नाव ज्याचे, जमीन त्याची," हे एक. आणि "कसेल त्याची जमीन, मग तो तिचे काहीही करील," हे दुसरे. दोन्ही उत्तरे ऐकायला खणखणीत आहेत आणि दोन्ही चुकीची आहेत. कायदा यापेक्षा अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि तो तसा का झाला हे समजून घेतल्यावाचून त्यातील कलमांचा अर्थ लागत नाही. तेव्हा थोडे मागे जाऊ.

'कूळ' हा आपला शब्द मोठा चमत्कारिक आहे. कुळदैवत म्हणताना तो घराण्याचा वाचक असतो, सावकाराच्या वहीत तो ऋणकोचा वाचक होतो, आणि जमिनीच्या कागदात तो दुसऱ्याची जमीन खंडाने करणाऱ्याचा. कोकणात हे तिन्ही अर्थ एकाच माणसाच्या ठिकाणी नांदत. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या एक खाचर लावले ते घर त्या खाचराचे कूळ, आणि बहुधा खोताचे देणेकरीही. खोती ही रत्नागिरी जिल्ह्याची खास रचना. सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये खोत उभा. गावचा सारा त्याने भरावयाचा आणि कुळांकडून धान्याच्या रूपाने वसूल करावयाचे. भाताच्या जमिनीत पिकाचा अर्धा वाटा म्हणजे अर्धेल, वरकस जमिनीत तिसरा वाटा म्हणजे तिर्धेल, हे शब्द म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजूनही आहेत. १८८० च्या खोती कायद्याने या संबंधांस लेखी रूप दिले, पण मध्यस्थ तसाच राहिला. ज्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याच सुमारास शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली कुळांनी १९३३ पासून वर्षानुवर्षे जमिनी न कसण्याचा संप चालविला होता. १९३९ साली कुळांसाठी पहिला कायदा झाला, १९४८ साली मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम आला, आणि १९४९ च्या कायद्याने खोती गेली. पुढे अधिनियमाच्या नावातील 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आले, पण गावोगाव त्याला आजही 'कूळकायदा' म्हणूनच ओळखतात.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कुळाला जे संरक्षण मिळाले ते जमीन कसणारा म्हणून मिळाले. संरक्षणाचे कारण शेती, म्हणून संरक्षणाची मर्यादाही शेतीच. कूळकायद्याच्या कलम १४ मध्ये कुळवहिवाट कोणत्या कारणांनी संपविता येते ते सांगितले आहे: खंड न देणे, जमिनीची कायमची हानी करणे, पोटकूळ घालणे, स्वतः न कसणे, आणि जमिनीचा उपयोग शेती व शेतीस जोडून असलेले धंदे सोडून इतर कामासाठी करणे. यांतले शेवटचे कारण आपल्या विषयाचे. जोडधंदा म्हणजे दुभत्या जनावरांचा गोठा, कोंबड्या पाळणे, गुरांची पैदास, चराई, असा कायद्याचा अर्थ आहे. फळबाग ही तर शेतीच. मात्र नुसती लाकूडतोड म्हणजे शेती नव्हे असे व्याख्येतच म्हटले आहे. जुनी झाडे तोडून जळाऊ लाकडाचा व्यापार करणाऱ्यांनी ते वाचून ठेवावे.

तेव्हा कुळाने मांगर बांधला, गुरांसाठी वाडा केला, भाताचे खळे केले, तर तो शेतीचाच भाग होय. त्याने त्याच जागी चहाची टपरी घातली, मोटार दुरुस्तीचे दुकान काढले किंवा खोल्या भाड्याने दिल्या, तर त्याने आपल्याच हाताने मालकास नोटिशीचे कारण दिले. येथे मालकानेही घाई करू नये. तीन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ताबा घ्यावयाचा तो तहसीलदाराच्या हुकमाने. गडी आणून कुंपण मोडणारा मालक कायद्याच्या दृष्टीने त्या टपरीवाल्या कुळापेक्षा काही बरा ठरत नाही.

टपरीपेक्षा आमच्या जिल्ह्यात चिऱ्याची खाण हा अधिक गंभीर प्रकार आहे. जांभ्याचा कातळ हा पूर्वी कोणी जमिनीत धरीत नसे. गवत काढावे, गुरे सोडावी, एवढाच त्याचा उपयोग. आता चिऱ्याला गिऱ्हाईक आहे. ठेकेदार येतो, कुळाच्या हातावर काही रक्कम ठेवतो, आणि दोन हंगामांत तेथे खड्डा होतो. या एका व्यवहारात तिघांचा हक्क मोडतो. गौण खनिज शासनाचे असते, त्याला महसूल खात्याचा परवाना आणि स्वामित्वधन लागते. जमीन मालकाच्या नावावर असेल तर त्याचा हक्क जातो. आणि सर्वांत अधिक जाते ते कुळाचे, कारण कलम १४ मधील दोन कारणे, बिनशेती वापर आणि कायमची हानी, एकदम लागू होतात. खड्डा तर पुन्हा भरून येत नाही. ठेकेदार मात्र पुढच्या गावी गेलेला असतो.

आता मालकाच्या बाजूने पाहू. आपली जमीन कुळाकडून काढून घेऊन तिच्यावर घर वा कारखाना बांधण्याचा हक्क मालकास होता काय? होता, पण ठरावीक मुदतीपुरता. कलम ३१ प्रमाणे स्वतः कसण्यासाठी किंवा बिनशेती कामासाठी जमीन खरोखर हवी असल्यास मालकाने ३१ डिसेंबर १९५६ पर्यंत नोटीस आणि ३१ मार्च १९५७ पर्यंत अर्ज करावयाचा होता. शिवाय अशा रीतीने जमीन मिळविली आणि एका वर्षात त्या कामास लावली नाही तर ती कुळास परत करण्याची अट होती. ती मुदत केव्हाच सरली. आजोबांनी तेव्हा अर्ज केला नाही म्हणून आज नातवाने करावा, अशी सोय कायद्यात नाही.

मुदत ३१ मार्चला का संपली? कारण दुसरा दिवस १ एप्रिल १९५७, म्हणजे कृषकदिन. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्यानेच तिचे खरेदीदार मानले गेले. कोणी सही केली नाही, कोणी मुद्रांक घेतला नाही. कायद्याने मालक-कूळ हा संबंध संपविला आणि मागे फक्त किंमत ठरविण्याचे काम ठेवले. ते काम कलम ३२ ग खाली शेतजमीन न्यायाधिकरणाकडे, म्हणजे व्यवहारात तहसीलदाराकडे, आले. कायम कुळास खंडाच्या सहापट, इतरांस आकारणीच्या वीस ते दोनशे पट, वर मालकाने केलेल्या विहिरी, बांध, झाडे यांचे मोल, असा हिशेब. ज्या तुकड्याचा आकार २ रुपये त्याची किंमत ४० ते ४०० रुपयांत बसे. माड आणि कलमे कोणी लावली यावर मात्र भांडणे होत, कारण पुष्कळदा झाडांचे मोल जमिनीहून अधिक भरे. किंमत भरली की कलम ३२ म खाली खरेदीचे प्रमाणपत्र मिळते.

सांगण्यास हे सोपे आहे. पण आमच्या मते रत्नागिरीतील निम्म्या गुंत्याचे मूळ या शेवटच्या पायरीत आहे. येथील जमिनी लहान, तुकडे अनेक, कूळ मुंबईस गिरणीत किंवा गोदीत, घरी म्हातारी आणि दोन मुले. तहसीलदाराची नोटीस आली तर ती वाचणार कोण? काहींची चौकशी झालीच नाही. काही हजर राहिले नाहीत, किंवा मालकाच्या भिडेने "आम्हांस जमीन नको" असे लिहून देऊन मोकळे झाले, आणि त्यांची खरेदी निष्फळ ठरविली गेली. काहींची किंमत ठरली, पैसे भरले, पण प्रमाणपत्र आणावयाचे राहिले. मालक विधवा, अज्ञान वा अपंग असेल तर कलम ३२ फ प्रमाणे खरेदी पुढे ढकलली जाई, आणि विधवेच्या मृत्यूनंतर ठरावीक मुदतीत कुळाने लेखी कळवावे लागे. ती मुदत पाळलेली कुळे फारशी आढळत नाहीत. मालकीणबाईंच्या तेराव्याला जेवून आलेल्या माणसाला कायद्याची मुदत पाळावयाची असते, हे कोण सांगणार?

म्हणून 'कुळाची जमीन' या एका शब्दाखाली आज तीन निरनिराळ्या जमिनी असतात, आणि बिनशेतीचा नियम प्रत्येकीस वेगळा लागतो. जेथे खरेदी झालेली नाही आणि कूळ अजून केवळ कूळच आहे, तेथे कलम १४ चे भय कुळास आहे. जेथे कूळ १९५७ साली खरेदीदार मानले गेले पण किंमत ठरली नाही, तेथे आधी ३२ ग चे काम पुरे करून घेणे हाच मार्ग आहे; अशा जमिनीवर मालकाने आपल्या नावाच्या जोरावर बांधलेले घर वाळूवर बांधलेले समजावे. आणि जेथे प्रमाणपत्र मिळाले, तेथे मालक आता कूळच. तेथे कलम ४३ येते.

पहिल्या दोन प्रकारांत बिनशेती परवानगी कोणी मागावयाची? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ साली झाली आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली. तिच्या कलम ४४ ने अर्जाची जी रीत घालून दिली ती आम्हांस फार शहाणपणाची वाटते. अर्ज भोगवटादार करू शकतो, तसा कूळही करू शकते. पण भोगवटादाराने करावयाचा तो कुळाच्या संमतीने, आणि कुळाने करावयाचा तो भोगवटादाराच्या संमतीने. एकट्याला हे दार उघडता येत नाही. दोन किल्ल्यांची तिजोरी असते तसे हे आहे. त्याच संहितेचे कलम ४६ आणखी एक गोष्ट सांगते. धारकाच्या संमतीशिवाय कुळाने जमीन बिनशेती कामास लावली आणि त्यापायी धारकास दंड झाला, तर त्या नुकसानीची भरपाई कुळाने धारकास करून द्यावयाची. म्हणजे सरकार दंडाची नोटीस सातबारावरच्या नावाला पाठवील, आणि तो माणूस ती घेऊन कुळाच्या दारात उभा राहील.

येथे कोणी म्हणेल, "आता बिनशेती परवानगीच राहिली नाही, मग संमतीचे काय घेऊन बसलात?" परवानगीचा भाग गेल्या काही वर्षांत पुष्कळ सैल झाला हे खरे. २०१४ साली विकास आराखड्याच्या क्षेत्रातील जमिनींस, आणि २०१७ साली गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतील जमिनींस सवलती मिळाल्या, आणि पुढील दुरुस्त्यांचा रोखही जिल्हाधिकाऱ्याची वेगळी परवानगी वगळून ते काम बांधकामाच्या परवान्यातच उरकावे असा आहे. पण सरकारने आपली परवानगी सोडली म्हणजे दुसऱ्या माणसाचा हक्क सोडला असे होत नाही. एका कचेरीचा शिक्का कमी झाला, एवढाच त्याचा अर्थ. उलट कचेरीत जे कागद कोणीतरी तपासत असे ते आता तपासण्याची जबाबदारी तुमची झाली. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल तर तीबाबत महसूल खात्याकडे जाणे या सवलतींतही चुकविलेले नाही.

या संमतीची किंमत किती, असे आम्हांस विचारतात. कायद्याने ती ठरविलेली नाही. एका गावात निम्मे देतात, दुसऱ्या गावात चार आण्यांवर भागते, तिसऱ्यात कुळाची थोरली सून शहाणी असते आणि व्यवहार फिसकटतो. कायदा किंमत सांगत नाही ती सांगूही नये. पण कुळास आपली संमती लागते एवढे तरी ठाऊक असावे. आजचा खरा अन्याय येथे होतो. डोंबिवलीस किंवा विरारला दोन खोल्यांत राहणाऱ्या कुळाच्या मुलाकडे गावचा कोणी जातो, पाचशेच्या मुद्रांकावर "आमचा काही हक्क नाही" असे लिहून घेतो, आणि चहापाण्याला काही देऊन येतो. मुलाला वाटते, गावी उगाच आजोबांचे नाव आहे, ते काढावयाचे असेल. त्या नावाच्या मागे दहा गुंठे रस्त्याकडेची जमीन आहे, हे त्याला कळते तेव्हा तेथे तीन मजले चढलेले असतात.

असा कागद टिकतो काय? कलम १५ म्हणते, कुळाने हक्क सोडावयाचा तर तो लेखी हवा, आणि त्याची पडताळणी मामलेदारापुढे, म्हणजे आजच्या तहसीलदारापुढे, झाली पाहिजे. कूळ समजून-उमजून, राजीखुशीने बोलत आहे ना, हे अधिकाऱ्याने पाहावे म्हणून ही तजवीज. घरी बसून केलेला राजीनामा हा राजीनामा नव्हे. आणि जे कूळ १९५७ सालीच खरेदीदार मानले गेले, त्याने सोडावयाला कुळवहिवाट उरतेच कोठे? तेव्हा असा कागद घेऊन घर बांधणारा मालकही सुखाने झोपत नाही. पंधरा वर्षांनी कुळाचा नातू वकील होऊन येतो, आणि जमिनीचे कूळ कोण हे ठरविण्याचा अधिकार कलम ७० (ब) खाली तहसीलदाराचा असल्यामुळे दिवाणी कोर्टातला दावाही त्या प्रश्नापाशी थांबून राहतो.

आता तिसरा प्रकार, प्रमाणपत्र मिळालेली जमीन. कलम ४३ प्रमाणे अशी जमीन विकणे, बक्षीस देणे, गहाण ठेवणे किंवा पट्ट्याने देणे यांवर बंधन आहे. कुळास जमीन दिली ती त्याने कसावी म्हणून, दलालीसाठी नव्हे, असा त्यामागचा विचार. २०१४ च्या दुरुस्तीने त्यात मोठी सूट दिली. प्रमाणपत्रास दहा वर्षे झाली असतील तर विक्रीस पूर्वपरवानगी लागत नाही. आकारणीच्या चाळीस पट नजराणा आधी शासनात भरावा लागतो. आकार ३ रुपये असेल तर १२० रुपये! ज्या परवानगीसाठी पूर्वी लोक कचेरीच्या पायऱ्या झिजवीत, ती एका जेवणाच्या खर्चात आली. पण हा आनंद अर्धाच आहे, कारण सुटीस अटी आहेत. घेणारा शेतकरीच पाहिजे, त्याची जमीन कमाल मर्यादेबाहेर जाता कामा नये, आणि तुकडेबंदीचा कायदा मोडता कामा नये. म्हणजे चाळीस पट भरून शहरातील बिगरशेतकरी गृहस्थास पाच गुंठ्यांचा तुकडा विकता येईल, अशी जी समजूत पसरली आहे ती निराधार आहे.

बिगरशेतकऱ्याची अडचण कुळाच्याच नव्हे, प्रत्येक शेतजमिनीला आहे. कलम ६३ त्यास शेतजमीन विकण्याची मनाई करते, आणि पुष्कळांस ठाऊक नसते ते हे की पट्ट्याने देण्याचीही करते. पुण्यामुंबईचे कोणी येऊन म्हणतात, "आम्ही विकत घेत नाही, फक्त दहा वर्षांच्या भाड्याने घेतो आणि पर्यटकांसाठी झोपड्या बांधतो." कागदावर 'भाडे' लिहिले म्हणून मनाई टळत नाही, व्यवहार अवैध ठरला तर तहसीलदार कलम ८४ क खाली चौकशी करू शकतो. १९९४ पासून खऱ्याखुऱ्या उद्योगासाठी शेतजमीन घेण्यास वेगळी वाट कायद्याने ठेवली आहे, पण तिला तिच्या स्वतःच्या अटी आणि मुदती आहेत, आणि चार झोपड्यांना आपण उद्योग म्हटल्याने तो उद्योग होत नाही.

येथे मालकांची एक तक्रार ऐकून घेतली पाहिजे, कारण तीत तथ्य आहे. ते म्हणतात, "कुळाच्या भयाने आम्ही जमीन कोणास करावयास देतच नाही. ओसाड ठेवतो, रान माजू देतो, पण देत नाही." रत्नागिरी जिल्ह्यात पडीक राहिलेल्या खाचरांकडे पाहिले म्हणजे ही तक्रार डोळ्यांस दिसते. कलम ४ प्रमाणे दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा मनुष्य कूळ मानला जातो. अपवाद मालकाच्या कुटुंबातला माणूस, रोख किंवा धान्याच्या मजुरीवरचा गडी आणि कब्जेगहाणदार यांचा. गड्याची मजुरी पिकाच्या वाट्याने ठरली असेल तर मात्र अपवाद गेला. १९५७ नंतर नव्याने झालेल्या कुळासही वर्षभरात खरेदीचा हक्क कलम ३२ ओ ने दिला आहे. तेव्हा मालकाचे भय खोटे नाही. पण ते अर्ध्या माहितीचे आहे. फळे वा फुले लावण्यासाठी दिलेल्या पट्ट्यांस कलम ४३ अ ने खरेदीच्या तरतुदींतून वगळले आहे. कातळावर कलमे लावण्यासाठी कोणास जमीन द्यावयाची असेल तर हे कलम वकिलास दाखवून, पट्ट्याचा हेतू स्वच्छ लिहून, नोंदवून द्यावी. खाचर ओसाड टाकून त्यावर प्लॉट पाडण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा ते खचित बरे.

कुळाचे राहते घर हा आणखी एक विषय थोडक्यात सांगून टाकतो. कुळाने वा त्याच्या वाडवडिलांनी स्वतःच्या खर्चाने मालकाच्या जागेत बांधलेल्या घरास कलम १६ ते १८ चे निराळे संरक्षण आहे. शेताची कुळवहिवाट गेली म्हणून त्या घरातून त्याला काढता येत नाही, आणि ती जागा विकावयाची झाल्यास पहिला हक्क त्याचा. शेतमजूर आणि गावचे कारागीर यांच्या घरांसही हे लागू आहे. म्हणून मालक-कुळाच्या बोलाचालीत घराची जागा आणि शेताची जागा यांची एकच मोट बांधू नये. कुळाने शेतजमिनीत बिनशेती वापर केला हा त्याचा दोष असेल. पणजोबाच्या वेळेपासूनचे घर हा नव्हे. देवस्थानाच्या जमिनींस, त्या कलम ८८ ब खाली सूट मिळालेल्या असल्यास, यांपैकी बरेचसे नियम लागत नाहीत. समुद्राच्या भरतीरेषेजवळील जागेस १९९१ पासून किनारा नियमन क्षेत्राचे नियम वेगळे आहेत आणि तेथे मालक-कुळाची एकी असली तरी भागत नाही.

हे सारे कोणत्या कागदांवर पाहावयाचे? आजचा संगणकाचा सातबारा पुरेसा नाही. १९५५ ते १९५८ या वर्षांचे जुने हस्तलिखित उतारे तहसील कचेरीतून काढावेत. त्यांत कुळाचे नाव आणि खंड यांचे रकाने असत, आणि १ एप्रिल १९५७ ला जमीन कोण कशीत होता ते तेथेच सापडते. त्यानंतरचे प्रत्येक फेरफार क्रमाने वाचावेत. '३२ ग ची चौकशी', 'खरेदी निष्फळ', 'मालक विधवा सबब मुदत तहकूब', 'कुळाचे नाव कमी', अशी एकेक ओळ असते, आणि एकेका ओळीत एकेका घराचे दैव. नाव कमी केले असेल तर कोणाच्या हुकमाने, हे पाहावे. हुकूमच नसेल तर ते नाव कमी झालेले नाही असे धरून चालावे. इतर हक्कांच्या रकान्यात 'कूळकायदा कलम ४३ ला अधीन' असा शेरा असेल तर प्रमाणपत्राची तारीख शोधावी, कारण दहा वर्षे तेथून मोजतात.

पुष्कळ घरांत नाव 'एकत्र कुटुंब मॅनेजर' म्हणून एकाच भावाचे लागलेले असते. मालकाकडचा असो वा कुळाकडचा, त्या एकाची सही म्हणजे सर्वांची संमती नव्हे. आधी वारसांची नोंद करून घ्यावी, लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावे न वगळता, आणि मग संमतीपत्र लिहावे. जे मुंबईस आहेत त्यांच्याकडून नोंदविलेले मुखत्यारपत्र आणवावे. गणपतीला सगळे गावी येतात तेव्हा एकत्र बसून हे काम उरकावे हे अधिक चांगले. त्या पाच-सात दिवसांत तहसील कचेरीला एखादी सुटी असते, एवढे पाहून जावे.